अतिभार

आपण डुकराचं मांस खात नाही. मग डुकरिणीला गाभण ठेवण्यासाठी कुठलं इंजेक्शन देतात, याची उठाठेव आपण श्राविकांनी कशाला करायची? ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही, असं मला वाटतं.

आधी काय करतात ते पाहू. मोठ्या वराहपालन केंद्रांत कृत्रिम रेतन असतं. पिलांचं दूध तोडलं की चार ते सात दिवसांत डुकरीण पुन्हा माजावर येते. एखादी आली नाही, तर माज आणण्यासाठी हार्मोन टोचतात. उन्हाळ्यात गर्भ राहण्याचं प्रमाण घटतं, म्हणून काही ठिकाणी रेतनाच्या वेळी वीर्यात ऑक्सिटोसिन मिसळतात. त्याने गर्भाशय आकुंचन पावतं नि वीर्य पुढे सरकायला मदत होते. मग ११४-११५ दिवसांनी वेत, तीन-चार आठवडे पिलांना पाजणं, की पुन्हा पहिल्यापासून.

माज आणणाऱ्या त्या औषधातला एक मुख्य घटक गाभण घोडीच्या रक्तातून काढतात. साधारण ४० ते १२० दिवसांची गाभण असताना तो तिच्या रक्तात असतो. आइसलँड, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत त्यासाठी घोड्यांचं रक्त घेतलं जातं. एकीच्या गाभणपणातून काढायचं आणि दुसरीला गाभण करायचं!

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. बंध, वध, छेद, अन्नपाननिरोध आणि अतिभारारोपण. अतिभार म्हटलं की आपल्या भागात उसाने लादलेली बैलगाडीच डोळ्यांपुढे येते. पाठीवरचं, मानेवरचं ओझं दिसतं. पोटातलं दिसत नाही. डेन्मार्कमध्ये निवडपैदाशीने डुकरिणीला एका वेताला सरासरी सोळाहून जास्त पिलं होऊ लागली आहेत, आणि तिला सडं असतात चौदाच्या आसपास. उरलेली पिलं दुसऱ्या डुकरिणीखाली लावावी लागतात. याला अतिभार नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

दुसरी बाजूही बघायला हवी. गाभण न राहणारी डुकरीण कोणी पोसत नाही, ती कत्तलीला जाते. इंजेक्शनाने गर्भ राहिला तर तिचे दिवस वाढतात. चार डुकरं पाळून मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या बाईला नावं ठेवायचा हक्क मला नाही. औषध म्हणजेच पाप, असंही नाही. गरोदर बायकांच्या लघवीतून मिळणारं एचसीजी नावाचं हार्मोन डुकरिणीच्या औषधातही असतं आणि मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या आपल्या लेकीसुनांनाही देतात. पण लेकीला मूल हवं असतं. ती सगळं सोसते ते स्वतःच्या इच्छेने, आणि ते मूल तिच्याच मांडीवर वाढतं. डुकरिणीची इच्छा कोणी विचारत नाही, आणि पिलूही तिचं राहत नाही. औषध एकच असलं तरी ते कोणासाठी टोचलं, यावर सगळं अवलंबून आहे.

आता कृत, कारित, अनुमोदन. मांसाचं अनुमोदन आपण करत नाही, ठीक. पण दुधाचं काय? घोडीच्या रक्तातलं तेच हार्मोन गाई-म्हशींना माजावर आणायलाही वापरतात. पान्हा सोडवायला म्हशीला ऑक्सिटोसिन टोचण्याचे प्रकार आपल्याकडे इतके झाले, की २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याची आयातच बंद केली. डुकरीण परकी म्हणून बाजूला ठेवली, तरी म्हैस आपल्याच दारातली आहे.

दूध-तूप सोडा, असं मी सांगत नाही. आमच्याही घरी रोज दूध येतं. पण गवळ्याला दोन गोष्टी विचारता येतात. पान्हा कसा सोडवतोस? रेडकाला पाजतोस का? भाव किती, पाणी किती, हे आपण विचारतोच की! आणि रसपरित्यागाच्या दिवशी आपण दूध सोडतो ते स्वतःच्या जिभेला वळण लागावं म्हणून. त्या दिवशी क्षणभर म्हशीचीही आठवण ठेवली, तर त्यागाला काही कमीपणा येत नाही. उलट, तो त्याग कोणाच्या तरी पाठीवरचा, पोटावरचा भार एक मापटं का होईना, हलका करतो.