शिफारस कीं साक्ष?

गोड लागलेला पदार्थ एकट्यानें खाऊं नये, वांटून खावा, ही शिकवण आपणां सर्वांस लहानपणींच मिळते आणि तिच्याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. परंतु गोड लागलेलें गाणें दुसऱ्यास ऐकवितांना त्याच्याबरोबर आपल्या आयुष्याचाहि थोडा अंश त्याच्या पानांत वाढावा काय, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. गतवर्षीं श्रावणांत सुदुंबरे येथें एका स्नेह्यांच्या घरीं हा प्रश्न अकस्मात् उभा राहिला, आणि त्यानें माझी पाठ अजून सोडलेली नाहीं.

हे स्नेही नोकरींतून निवृत्त होऊन मावळांतल्या या गांवीं राहावयास आले, तेव्हां त्यांच्याबरोबर जुन्या तबकड्यांच्या चार पेट्या आणि किल्ली देऊन चालणारा एक ग्रामोफोनहि आला. महिन्यांतून एका रविवारीं आम्ही पांचसात मंडळी तेथें जमतों. नियम एवढाच कीं, प्रत्येकानें जॅझची एक तबकडी आणावी, ती लावावी, आणि ती इतरांनीं कां ऐकावी हें थोडक्यांत सांगावें. त्या दिवशीं मंडळींतल्या एका ताईंनीं ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ‘मूड इंडिगो’ ही १९३० सालची रचना लावली आणि म्हणाल्या, “माझे वडील मुंबईला गोदींत कारकून होते. रात्रपाळी करून पहांटे घरीं येत, आणि आम्हां मुलांची झोप मोडूं नये म्हणून पेटीवर पांघरूण घालून ही तबकडी हलक्या आवाजांत लावीत. आई तेव्हां चहासाठीं स्टोव्ह पेटवीत असे. मी जागीच असें. अजून ही तबकडी ऐकली कीं मला रॉकेलचा वास येतो.”

मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. मग आमच्यांतले एक वृद्ध गणितशिक्षक, ज्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतों, शांतपणें म्हणाले, “ताई, सांगितलेंत सुंदर. पण रॉकेलचा वास या तबकडींत नाहीं. तो तुमच्याजवळ आहे. आम्हांला तबकडींत काय आहे तें सांगा.”

“तबकडींत काय आहे तें मला येत असतें, तर वासाचें कशाला सांगितलें असतें, गुरुजी?” ताई म्हणाल्या.

गुरुजींनीं मग स्वतःच तें सांगितलें. एरवीं वरच्या पट्टींत खेळणारा क्लॅरिनेट एलिंग्टन यांनीं येथें सर्वांच्या खालीं बसविला आहे, तोंडें बंद केलेले ट्रंपेट व ट्रॉम्बोन त्याच्यावर ठेवले आहेत, आणि या उलटापालटीमुळेंच त्या तीन वाद्यांच्या मेळांतून एक चौथेंच, कधीं न ऐकलेलें वाद्य वाजत असल्याचा भास होतो. आम्हीं तबकडी पुन्हां लावली, आणि खरोखरच तें ऐकूं आलें. गुरुजींचें म्हणणें बरोबर होतें. परंतु मला त्याच वेळीं पांघरुणाखालची ती पेटीहि दिसत होती, आणि तीहि खोटी वाटत नव्हती.

गुरुजींचा पक्ष दुबळा नाहीं. आपल्या आठवणींचें मोल आपणांस असतें. दुसऱ्यानें तें कां मानावें? ज्याची त्याची आठवण प्रमाण धरली, तर उत्तम आणि सामान्य यांतला भेदच मिटेल. कारण अगदीं टाकाऊ गाण्यालाहि कोणाचें तरी तारुण्य चिकटलेलें असतेंच. शिवाय असें आठवणी सांगणें पुष्कळदां स्वतःला मिरविणेंच असतें. तबकडी हें निमित्त, आणि पूजा आपली! हे सर्व आक्षेप मला मान्य आहेत. तरीहि त्या संध्याकाळीं पाऊस उघडल्यावर आम्ही गांवांतून फिरावयास निघालों, तेव्हां माझें मन दुसऱ्या बाजूस झुकूं लागलें होतें, आणि त्याचें कारण त्या गांवांतच होतें.

सुदुंबऱ्यास संताजी जगनाडे यांची समाधि आहे. घाण्यावर तेल काढून चरितार्थ चालविणारे हे गृहस्थ तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं एक होते, असें परंपरा सांगते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्याची कथा महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. परंतु त्यांचे अभंग ज्यांनीं ऐकले आणि उतरून ठेवले, त्यांत संताजींचें नांव अग्रभागीं आहे, हें आपण चटकन् विसरतों. त्यांच्या हस्ताक्षरांतील म्हणून मानलेल्या वहीच्या आधारें वि. ल. भावे यांनीं १९१९ च्या सुमारास ‘अस्सल गाथा’ छापून प्रसिद्ध केला. संताजींनीं कांहीं नवें रचलें म्हणून त्यांची समाधि पूजिली जात नाहीं. त्यांनीं ऐकलें, आणि ऐकलेलें आपल्यापाशीं अडवून ठेवलें नाहीं, हीच त्यांची थोरवी. ऐकणाराहि पूज्य होऊं शकतो, ही गोष्ट या लहानशा गांवानें कधींच मान्य करून टाकलेली आहे.

जॅझसारख्या कलेचें तर सारें अस्तित्वच ऐकणाऱ्यांवर अवलंबून असतें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लिन्स नगरांत या संगीतास रूप दिलें. एखादी ठरलेली चाल घ्यावयाची आणि ऐन वेळीं, त्या क्षणाच्या स्फूर्तीनें, तिचा विस्तार करावयाचा, ही त्याची रीत. आपल्या ख्यालगायकांना ती परकी वाटूं नये. असा विस्तार वाजविणाऱ्याच्या श्वासाबरोबर विरून जातो. त्या नगरांत बडी बोल्डेन नांवाचा कॉर्नेटवादक होऊन गेला. जॅझच्या आद्य पुरुषांत त्याची गणना होते. पण तो १९०७ सालीं वेडाच्या इस्पितळांत गेला, १९३१ सालीं तेथेंच वारला, आणि त्याच्या वादनाची एकहि मुद्रिका आज उपलब्ध नाहीं. तो कसा वाजवी हें आपणांस कळतें तें केवळ ज्यांनीं त्याला ऐकलें त्यांच्या आठवणींवरून. आपल्याकडे भास्करबुवा बखले यांची गोष्ट अशीच आहे. १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज स्थापणारे, बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांचे गुरु असलेले हे गायक १९२२ सालीं निवर्तले. कलकत्त्यास गोहरजानचें गाणें १९०२ सालींच मुद्रित झालें होतें. म्हणजे यंत्र येऊन वीस वर्षें लोटलीं होतीं. तरी बुवांचा आवाज आपल्यासाठीं उरला नाहीं. उरले ते शिष्य आणि श्रोते. अशा वेळीं, ‘आठवणी बाजूला ठेवा, गाण्याविषयींच बोला,’ असें म्हणणाऱ्यास बोलावयास काय उरतें?

याच्या उलट एक कथा न्यू ऑर्लिन्सच्याच फ्रेडी केपर्ड याच्याविषयीं सांगतात. १९१६ च्या सुमारास एका ग्रामोफोन कंपनीनें त्याला वादन मुद्रित करण्याविषयीं विचारलें. आपली विद्या तबकडीवरून इतर लोक चोरतील या भयानें त्यानें नकार दिला, असें म्हणतात. पुढल्याच वर्षीं, १९१७ सालीं, दुसऱ्याच एका, गोऱ्या वादकांच्या मेळ्यानें जॅझची पहिली तबकडी काढली. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, असें भय वाटणारे थोर गवई आपल्याहि देशांत होतेच, आणि त्यांस सरसकट कृपण म्हणणें अन्यायाचें होईल; ज्यानें घाम गाळून मिळविलें, त्याला लुटलें जाण्याची भीति वाटणारच. परंतु ज्यानें कांहींच मिळविलें नाहीं, ज्यानें नुसतें ऐकलें, त्या श्रोत्यानेंहि जर ऐकलेलें लपवून ठेवलें, तर त्याला कोणतें समर्थन आहे?

हें संगीत आपल्या घरांत आलें तेंच मुळीं असें हातोहात आलें आहे. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईंत ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेहि त्याच दशकांत आले, हिंदुस्थानांतच रमले, आणि १९४५ सालीं कलकत्त्यास निवर्तले. त्या दिवाणखान्यांतली एक संध्याकाळ गिरगांवांतल्या कारकुनास परवडणारी नव्हती. परंतु तेथें आणि तशा इतर ठिकाणीं वाजविणाऱ्यांत गोमंतकीय तरुणहि होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट म्हणत, लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्यांवर आपला ट्रंपेट घोटीत राहिले. आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत, सी. रामचंद्र म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर यांच्या संगीतांतून, त्या ट्रंपेटचा नाद चाळींचाळींत पोहोंचला. ज्यांनीं ताजमहालची पायरीहि चढली नव्हती, त्यांचे पाय त्या लयीवर ठेका धरूं लागले. १९५५ पासून विलिस कोनोव्हर हे अमेरिकन निवेदक आकाशवाणीवरून जगभर जॅझ ऐकवूं लागले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं त्यांनाहि समजावें म्हणून ते मुद्दाम सावकाश बोलत. या सावकाश बोलण्यांत मला मोठी सभ्यता दिसते. सांगणाऱ्याचें लक्ष स्वतःच्या वाणीकडे नसून ऐकणाऱ्याच्या कानाकडे होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आपण म्हणतों कीं अमुक तबकडीची मीं शिफारस केली. शिफारस हा शब्दच मला या कामीं अपुरा वाटतो. त्याला कचेरीचा दर्प आहे. शिफारस करणारा वजनदार असावा लागतो. ज्याची करावयाची त्यास लाभ, आणि ज्यानें केली त्याची पत वाढते. गाणें सुचविण्यांत ही वृत्ति शिरली कीं आपण दुर्मिळ तबकडीचा गर्व वाहूं लागतों, आणि समोरच्यास ती आवडली नाहीं तर आपला अपमान झाला असें मानतों. त्याहून साक्ष हा शब्द मला योग्य वाटतो. न्यायाधीशानें साक्षीदारास प्रथम काय विचारावें? तूं कोठें उभा होतास? वेळ कोणती होती? उजेड किती होता? हे प्रश्न साक्षीदाराचें चरित्र जाणण्यासाठीं नसतात. त्याच्या शब्दावर किती विसंबावें हें ठरविण्यासाठीं असतात. जो आपण कोठें होतों तें सांगत नाहीं, त्याची साक्ष पोकळ. आणि जो आपण कोठें होतों एवढेंच सांगत बसतो, घडलें काय तें सांगत नाहीं, त्याची साक्ष व्यर्थ. ताईंनीं उभें राहण्याची जागा सांगितली, गुरुजींनीं तेथून काय दिसलें तें सांगितलें. दोघांची मिळून एक पुरी साक्ष झाली. आणि निकाल? तो ऐकणाऱ्यानेंच द्यावयाचा. “मला नाहीं आवडली” असें म्हणण्याचा त्याचा अधिकार शिफारस करणाऱ्यास बोंचतो. साक्षीदारास तो बोंचण्याचें कारण नाहीं.

आज बोटाच्या स्पर्शासरशीं जगांतलें बहुतेक संगीत ऐकावयास मिळतें. तबकडी कोणापाशीं आहे आणि कोणापाशीं नाहीं, याला आतां फारसें महत्त्व उरलें नाहीं. पण म्हणूनच साक्षीदार अधिक हवा झाला आहे. कारण भांडार अपार असलें कीं, कोठें हात घालावा तेंच कळेनासें होतें. यंत्रहि आपल्याला नांवें सुचवितें. तें मात्र कोठें उभें होतें, तें सांगूं शकत नाहीं.

हें सारें मी इतक्या आग्रहानें कां लिहितों, तेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर माझीच साक्ष अपुरी राहील. वीस वर्षांपूर्वीं माझ्याकडे आर्मस्ट्राँग यांची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही १९२८ सालची तबकडी आली. तिच्या आरंभीं साथ थांबलेली असते आणि एकटा ट्रंपेट, जिना चढावा तसा, वर वर जातो. माझ्या एका मित्रानें ती माझ्या घरीं एकदांच ऐकली आणि घरीं न्यावयास मागितली. जुनी लाखेची तबकडी, वाटेंत फुटेल, असें मीं सांगितलें. पुन्हां मागितली, पुन्हां तेंच सांगितलें. खरें कारण निराळें होतें. ज्याला ती ऐकावयाची त्यानें माझ्या दारीं यावें, असें मला वाटे. पुढें तो आजारी पडला. त्याला येतां येईना. ग्रामोफोन घेऊन आपणच जावें असें मीं अनेकदां ठरविलें, आणि गेलों नाहीं. तो गेल्यावर महिन्याभरानें वहिनींनीं विचारलें, “भाऊजी, हे शेवटीं शेवटीं बिगुलासारखें कांहीं तरी गुणगुणत असत, तें कोणतें हो?” मीं तबकडी नेली आणि लावली. वहिनींनीं ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, “नाहीं. हें तसें नाहीं.”

एकदांच ऐकलेलें त्यानें आपल्या मनानें पुरें केलें होतें. तें काय होतें तें आतां कळण्याचा मार्ग नाहीं.

त्या रविवारीं फिरून आल्यावर हें मीं मंडळींना सांगितलें. गुरुजी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ग्रामोफोनला किल्ली दिली आणि तो आरंभाचा भाग पुन्हां लावावयास सांगितला; मग पुन्हां एकदां. निघतांना ती तबकडी मीं ताईंच्या हातीं दिली. महिन्यानें ती परत आली, तेव्हां तिच्या कडेला एक चरा होता. तेथें सुई आतां टक् करून पुढें जाते. नातवानें हट्ट करून स्वतः सुई ठेवली आणि त्याचा हात हलला, असें ताई मोठ्या संकोचानें सांगत होत्या. मीं तें सर्व ऐकून घेतलें. घरीं आल्यावर तबकडीच्या पाकिटावर, मित्राच्या नांवाखालीं, तारीख घालून तेंहि पेन्सिलीनें लिहून ठेवलें.