देणारा कुठे गेला?

मोबाइलवर आयरिश शिकताना 'दॉन' हा शब्द भेटला. अर्थ लिहिला होता, कविता. शब्दकोश उघडला तर आत भलताच पसारा: कला, हुन्नर, जुन्या भाषेत देणगी आणि शेवटी चक्क नशीब. आपलं दान, लॅटिनमधलं 'दोनुम' आणि वेल्शमधला प्रतिभेसाठीचा 'डाउन' हेही 'देणे' या एकाच धातूचे. सोंगट्यांच्या पटावर पडणारं दान आठवून मला हसू आलं.

व्याकरण पाहिलं आणि हसू थांबलं. 'ते माझ्या नशिबी आहे' म्हणायचं तर 'तॉ शे इ नॉन दोम'. 'इ' म्हणजे 'मध्ये'. त्याच्यापुढे आलेल्या 'द'च्या आधी एक 'न' लिहितात, आणि उच्चारात 'द' गडप होतो. 'दोम' म्हणजे 'मला'. वाक्यात घेणारा आहे. देणारा कुठेच नाही.

हे वाक्य आमच्या घरात मराठीत बोललं गेलंय. मी नववीत होतो, बहीण सातवीत. गाण्याच्या क्लासची फी एकाचीच परवडत होती. बाबा म्हणाले, "तिच्या गळ्याला देणगी आहे रे. तुझ्या नशिबात नाही, त्याला काय करणार?"

गळा तिला मिळालेला होता, कबूल. तो तिने कमावला नव्हता, तसा मीही गमावला नव्हता. पण फीचं काय? ती तर बाबांच्या खिशातून जात होती. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच 'नशिबा'त घातल्या आणि स्वतः वाक्यातून निघून गेले. कदाचित 'पैसे नाहीत' हे पोराला सांगणं त्यांना जास्त जड गेलं असतं.

जुन्या आयर्लंडमध्ये सरदार कवींना पोसायचे, कवी त्यांची स्तुती रचायचे. देणारा कोण, हे गावाला ठाऊक असायचं. १९८१ साली तिथे कलावंतांची 'ईसदॉना' ही संस्था निघाली. नावात हाच शब्द, आणि गरजू सदस्यांना मानधन. तिथेही देणाऱ्याला पत्ता आहे.

बहिणीने नोकरी लागल्यावर गाणं सोडलं. बाबा अजून हळहळतात, "एवढी देणगी वाया घालवली."

परवा फोनवर तिला या शब्दाबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"मला हवंय का, हे तरी कुणी विचारलं होतं, दादा?"

मीही नव्हतं विचारलं.