शिवी, शपथ आणि शाप : ख्रिस्ती धर्मदृष्टीने

शंका : सोमवारच्या बैलबाजारात सौद्याच्या भरात तोंडातून शिवी जाते. ती कधी माणसाला असते, कधी नुसती बैलाला, आणि पुष्कळदा कोणालाच नसते. ख्रिस्ती माणसाच्या तोंडून अशी शिवी गेल्यास ते पाप मानले जाते काय? आणि मानले जात असेल, तर सर्व शिव्यांचे पाप सारखेच काय? (बेल्हे, ता. जुन्नर)

समाधान : शिवी देणे हे ख्रिस्ती धर्मात पाप मानले जाते, असे या शंकेचे सरळ उत्तर आहे; परंतु ते पाप कशाने होते आणि किती जड ठरते, हे समजून घेतल्याखेरीज उत्तर पुरे होत नाही. मराठी माणसाच्या मनात ‘पाप’ हा शब्द ‘पुण्या’च्या जोडीने येतो आणि एकाची वजाबाकी दुसऱ्याने होते, असा हिशेब त्यात गृहीत असतो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशू ख्रिस्तानंतर लिहिल्या गेलेल्या भागात, पापासाठी जो मुख्य ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘नेम चुकणे’ असा होतो. देवाशी आणि शेजाऱ्याशी जसे वागायचे तसे न वागल्याने जे नाते बिघडते, ते तेथे पाप समजले जाते. म्हणून शिवीचाही विचार ‘कोणता शब्द उच्चारला’ एवढ्यावर न थांबता ‘त्या शब्दाने कोणाचे काय केले’ येथपर्यंत न्यावा लागतो.

या विषयात पुष्कळ गोंधळ इंग्रजी पुस्तकांमुळे झालेला आहे, कारण इंग्रजीत शपथ घेणे आणि शिवी देणे या दोन्ही गोष्टींना एकच क्रियापद चालते. मराठीत मात्र शपथ, शाप, शिवी आणि ईश्वरनिंदा हे चार शब्द वेगवेगळे आहेत आणि बायबलमधील वचनेही वेगवेगळ्या ठिकाणी या वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही उकल उलट सोपी जावी. ‘परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये’ या आशयाची जी आज्ञा निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे (कॅथलिक आणि लूथरपंथीय तिला दुसरी मोजतात, अँग्लिकन व इतर बहुतेक प्रोटेस्टंट तिसरी), तिचा रोख शिवीपेक्षा शपथेवर आणि देवाच्या नावाच्या हलक्या वापरावर अधिक आहे.

बैलबाजाराचाच विचार केला तर ही आज्ञा शिवीच्या आधी दुसरीकडेच लागू पडते. बैल मारका आहे, गळाठतो, औताला बसतो हे ठाऊक असताना विकणारा जेव्हा ‘लेकराची शपथ, एक खोड नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडातून एकही असभ्य शब्द गेलेला नसतो, आणि तरीही ख्रिस्ती धर्मविचारात हे पाप रागाने गेलेल्या शिवीहून जड आहे, कारण त्यात देवाला किंवा देवाने दिलेल्या लेकराला खोट्याचा साक्षीदार केलेले असते. येशूने डोंगरावरील प्रवचनात (मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय पाच) शपथच वाहू नका, तुमचे होय हे होय असावे आणि नाही हे नाही असावे, अशी शिकवण दिली. तिचा अर्थ क्वेकर आणि मेनोनाइट या पंथांनी शब्दशः घेतला व न्यायालयातील शपथही नाकारली. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरांनी न्यायाधीशापुढची खरी शपथ मान्य केली, पण बाजारातली उठसूट शपथ कोणीच मान्य केली नाही.

आता प्रत्यक्ष शिवी. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तोंडातून कोणते बोलणे निघू नये हे सांगताना प्रेषित पौलाने जे विशेषण वापरले आहे, तेच शुभवर्तमानात जाळ्यातून निवडून फेकून दिलेल्या मासळीला आणि वाईट झाडाच्या फळाला लावलेले आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘नासके’ असा आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ज्याने क्रेट उघडून पाहिला आहे, त्याला या विशेषणाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही, कारण नासके फळ स्वतःपुरते नासत नाही, ते शेजारच्या फळाला पाणी सोडायला लावते. पौल त्याच वाक्यात पुढे असेही सांगतो की बोलणे ऐकणाऱ्याला उभारी देणारे असावे. म्हणजे त्याची कसोटी बोलणाऱ्याच्या सोवळेपणाची नसून ऐकणाऱ्याच्या भल्याची आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही राग, दुष्टपणा आणि निंदा यांच्याच रांगेत तोंडची शिवीगाळ येते, आणि जुने वस्त्र उतरवावे तशी ती उतरवायला सांगितलेली आहे.

तरीही शब्द म्हणजेच पाप असे समीकरण मांडता येत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू भावाला ‘राका’ म्हणणाऱ्याला न्यायसभेच्या आणि ‘मूर्खा’ म्हणणाऱ्याला नरकाग्नीच्या दंडास पात्र ठरवतो. ‘राका’ हा अरामी म्हणजे येशूच्या मातृभाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘रिकाम्या डोक्याचा’ असा आहे. बेल्ह्याच्या बाजारात इतक्या सौम्य शब्दाकडे कोणी मान वळवूनही पाहणार नाही. उलट त्याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू स्वतः परूशांना, म्हणजे धर्मनियमांचे काटेकोर पालन करणाऱ्या पंथाच्या लोकांना, तोंडावर मूर्ख म्हणतो, आणि मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. पौलानेही फिलिप्पैकरांस लिहिताना स्वतःच्या जुन्या मोठेपणाला शेण-उकिरड्याच्या अर्थाचा, सभ्य माणूस लिहिताना टाळील असा शब्द वापरला. दांभिकाला जागे करण्यासाठी कठोर बोलणे मराठी वाचकाला तुकोबांच्या अभंगांतून परिचित आहेच. यावरून असे दिसते की पहिल्या ठिकाणी दोष आहे तो भावाला तुच्छ लेखण्याचा. थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातील कॅथलिक धर्मपंडितानेही हाच निकष लावला. समोरच्याची अब्रू घालवण्याच्या हेतूने केलेली निर्भर्त्सना त्याने गंभीर पाप ठरवली. उथळपणाने किंवा सुधारणेच्या हेतूने गेलेला कठोर शब्द मात्र तसा नेहमीच ठरत नाही असे म्हटले, आणि अशा शब्दानेही समोरचा खोल दुखावला जाऊ शकतो याकडे लक्ष वेधले.

हा निकष मराठी शिवीला लावला की पहिली गोष्ट अशी ध्यानात येते की आपल्याकडील बहुसंख्य शिव्या ज्याच्यावर राग आहे त्याला लागतच नाहीत. त्या त्याच्या आईला लागतात, बहिणीला लागतात, म्हणजे सौद्यात जिचा संबंध नाही आणि बाजारात जी उभीही नाही अशा स्त्रीची विटंबना करतात. दोन पुरुषांच्या भांडणात तिसऱ्या, निरपराध व्यक्तीची अब्रू फेकली जाते, आणि शिवी ‘कोणालाच नव्हती’ ही सबब येथे टिकत नाही. बेल्ह्याहून फार दूर नसलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा (ता. नेवासा) या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2024 मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास 500 रुपये दंड करण्याचा ठराव केला, तो याच कारणासाठी. तो ठराव कोणत्याही एका धर्माचा नव्हता, पण त्यातील न्यायबुद्धी ख्रिस्ती माणसानेही शिरोधार्य मानावी अशी आहे. फरक एवढाच की दंड भरला की ग्रामसभेचे देणे फिटते, मात्र पापाचे देणे पाचशे रुपयांनी फिटत नाही.

याहून जड शिवी जातीवरून दिलेली असते. एकोणिसाव्या शतकात जुन्नरला चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र होते आणि 1831 पासून अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. या भागातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेले आहेत, म्हणून ही शिवी त्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकली आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जातिवाचक शिवीगाळ हा गुन्हा ठरवला, पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार (त्यात पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला) ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नसल्याने त्याला या कायद्याचे कवच सहसा लाभत नाही. पापाची व्याख्या मात्र कोणाच्या दाखल्यावर अवलंबून नाही. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात असा आक्षेप घेतलेला आहे की ज्या जिभेने माणूस देवाची स्तुती करतो, त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देतो. ‘देवाचे प्रतिरूप’ म्हणजे प्रत्येक माणसात देवाने स्वतःची ठेवलेली खूण, आणि जातिवाचक शिवी नेमकी तीच खूण नाकारते. म्हणून रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरी व द्राक्षरस यांचा पवित्र विधी, घेऊन सोमवारी एखाद्या मजुराला जातीवरून बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे पाप, मग तो मजूर कोणत्याही धर्माचा असो, या सर्व प्रकारांत सर्वांत गंभीर समजावे लागते. येथे सवयीची सबब ऐकून घेण्याचे कारण नाही.

बैलाला दिलेल्या शिवीचा प्रश्न पुष्कळांना क्षुल्लक वाटेल, परंतु अक्वायनसने त्यावर स्वतंत्र विवेचन केले आहे. मुके जनावर देवाची निर्मिती म्हणून शापले तर ती ईश्वरनिंदा ठरते, आणि नुसतेच जनावर म्हणून शापले तर ते निरर्थक व म्हणूनच अनुचित ठरते, असा त्याचा निर्णय आहे. गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात बलाम नावाचा द्रष्टा वाट सोडणाऱ्या आपल्या गाढवीला तीनदा मारतो, तेव्हा देव तिला वाचा देतो आणि ती मारण्याचे कारण विचारते. तिला वाटेत उभा असलेला देवदूत दिसत होता, द्रष्ट्याला मात्र दिसत नव्हता. बेल्ह्याच्या शेजारी आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे, त्यामुळे मुक्या जनावरालाही देव बोलते करू शकतो ही गोष्ट या पंचक्रोशीला परकी नाही. शिवाय बैलाला हाणलेली शिवी बहुधा त्याच्या धन्याच्या नावाने असते, म्हणजे ती फिरून माणसालाच लागते. बाकी, चिखलात रुतलेल्या गाडीपुढे वैतागाने निघालेला एखादा निरर्थक शब्द मोठ्या पापांत मोजण्याइतका ख्रिस्ती धर्म कठोर नाही.

सवयीविषयी कॅथलिक शिक्षण असे आहे की गंभीर पाप होण्यासाठी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, आणि रुजलेल्या सवयीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. ही सवलत खरी आहे, पण तिच्यावर किती विसंबावे हे बाजारच शिकवतो. उपरण्याखाली बोटे दाबून हजारांचा भाव ठरवणारा आणि तो शेजाऱ्याला कळू नये म्हणून ओठही न हलवणारा माणूस जिभेला आवरू शकत नाही, असे म्हणता येत नाही. जेथे नुकसान दिसते तेथे तो तिला आवरतो. शिवीतही नुकसान आहे हे मनाला पटले, की सवय ढिली होऊ लागते. आईने लेकराला ‘मेल्या’ म्हणून हाक मारणे यात शापाचा शब्द असूनही शाप नसतो, आणि ते पाप मानणे अतिरेकाचे होईल. तरी लेकरू ती हाक कशी ऐकते याकडे आईचे लक्ष असावे.

ज्याच्या तोंडून शिवी गेली त्याने हताश होण्याचेही कारण नाही. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याने अटकेच्या रात्री अंगणात शेकोटीपाशी शाप देत, शपथा वाहत आपल्या गुरूची ओळखच नाकारली, मग तो बाहेर जाऊन रडला, आणि पुढे त्याच्याकडेच मंडळीचे पालकत्व आले. मात्र पश्चात्तापाची पहिली पायरी कोणती, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ‘राका’विषयीच्या शिकवणीला लागूनच सांगितलेले आहे. वेदीवर अर्पण करताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. तेव्हा सोमवारी बाजारात ज्या हेड्याला, हमालाला किंवा मजुराला शिवी दिली असेल, त्याला येत्या रविवारच्या उपासनेच्या आत गाठावे, आणि ज्या तोंडाने ती दिली त्याच तोंडाने त्याची क्षमा मागावी.