पिठाचा कोंबडा आणि हातातला रिमोट

निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा कन्सोल नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत आणि पुढच्याच महिन्यात जपानमध्ये विक्रीला आला. बटणं दाबत बसण्याऐवजी हात हलवून खेळायच्या या यंत्राला कोणते खेळ शोभतील, असा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांपुढे होता. सुचलेली उत्तरं सरळ होती: टेनिस, बोलिंग, तलवारबाजी, स्वयंपाक, शस्त्रक्रिया, म्हणजे हाताने जे जे करता येतं ते ते. प्रश्न तंत्राचा आहे असं धरून तो सोडवला गेला. मला तो धर्मविचाराचा वाटतो, आणि तो नीट मांडायला सर्वांत जास्त मदत होते ती दहाव्या शतकातल्या एका जैन ग्रंथाची.

आधी यंत्राकडे बघू. टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीचं नाव ‘सेन्सर बार’, पण ती बिचारी काहीच टिपत नाही; तिच्यात फक्त अवरक्त दिवे असतात आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाला असतो. हाताचा झटका कळतो तो रिमोटमधल्या, गतीतला बदल मोजणाऱ्या चिपला. हात नेमका कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं. त्यामुळे सोफ्यावर रेलून नुसतं मनगट झटकणारा माणूसही टेनिसमध्ये बाजी मारायचा. ‘रेड स्टील’ या खेळात तुम्ही तलवार कशीही फिरवा, पडद्यावर आधीच ठरवलेल्या चार-दोन वारांतला एखादा पडायचा. तरीही हात आणि कृती यांचा मेळ बसावा ही निर्मात्यांची तळमळ खरी होती. ‘झेल्डा’ मालिकेतला नायक लिंक तेव्हा डावखुरा होता. खेळणारे बहुतेक उजव्या हाताचे. म्हणून ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’च्या वी-आवृत्तीत सगळं जगच आरशातल्यासारखं उलटं केलं गेलं. पूर्वेची गावं पश्चिमेला गेली, पण तलवार उजव्या हातात आली. पुढे 2009 मध्ये रिमोटला जायरोस्कोपची जोड मिळाली आणि मनगटाचं वळणही पडद्यावर जसंच्या तसं उमटू लागलं. पडद्यावरचा चेंडू खोटा, प्रतिस्पर्धी खोटा, जखमही खोटी. हाताची हालचाल मात्र खरी असते, आणि ती खेळणाऱ्याची स्वतःची असते.

आता तो ग्रंथ. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये राष्ट्रकूटांच्या मांडलिकाच्या आश्रयाने ‘यशस्तिलकचंपू’ लिहून पुरा केला. त्यावरचा कृष्णकांत हांडिकी यांचा विस्तृत अभ्यास 1949 मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने छापला. कथा उज्जयिनीच्या यशोधर राजाची. राणीचं व्यभिचाराचं वागणं पाहून विटलेला राजा वाईट स्वप्नाचं निमित्त सांगून राज्य सोडायला निघतो. स्वप्नाची शांती करण्यासाठी पशुबळी दे, असा आईचा हट्ट. तो राजाला मान्य नाही. शेवटी मायलेकांत तडजोड ठरते: बळी द्यायचा, पण पिठाच्या कोंबड्याचा. राजा देवीपुढे तो पिठाचा कोंबडा कापतो. एवढ्यासाठी त्याला आणि आईला मोर, कुत्रा, मासा, बकरा अशा एकामागून एक पशुयोनी भोगाव्या लागतात. ही शिक्षा आजच्या वाचकाला अतिरेकी वाटेल, आणि ती आहेही. पण तिच्यामागचा विचार बारीक आहे. कोणी मेलं नाही, रक्त सांडलं नाही. तरी राजाला ते पीठ कोंबडा म्हणूनच ‘जमा’ व्हायला हवं होतं. नाहीतर तो बळीच ठरला नसता. संकल्प मारण्याचा, त्याला हाताची साथ, आणि समोरची वस्तू तेवढी बदललेली. दोष धरला आहे तो संकल्प आणि हात यांच्या या संगनमताला.

हा निकष 2007 मधल्या एका वादाला लावून बघा. ‘मॅनहंट 2’ या खेळात लपतछपत जाऊन माणसं मारायची असतात. वी-आवृत्तीत पडद्यावर खूण येते त्या दिशेने हात हलवला की भोसकणं, आवळणं पार पडतं. ब्रिटनच्या वर्गीकरण मंडळाने त्या जूनमध्ये खेळाला परवानगी नाकारली. अमेरिकेत त्याला फक्त प्रौढांसाठीचा शिक्का बसू लागला, म्हणजे दुकानांची दारं बंद. मग निर्मात्यांनी फेरफार केले. हत्येच्या प्रसंगांवर रंगीत, धूसर पडदा टाकला, आणि सौम्य शिक्क्यानिशी खेळ त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर अमेरिकेत आला. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं ते झाकलं, आणि हाताला करावं लागत होतं ते तसंच ठेवलं. हिलरी क्लिंटन यांच्यासह काही सिनेटरांनी नेमकं या हातवाऱ्यांवर बोट ठेवून पत्र लिहिलं, पण शिक्का बदलला नाही. वर्गीकरणाची सगळी पद्धत सिनेमावरून आलेली. तिला प्रेक्षक दिसतो, कर्ता दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो विज्ञानाचा. हिंसक खेळांमुळे माणसं हिंसाचारी होतात हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये तसं स्पष्ट सांगून आरडाओरडा, ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो एवढंच म्हटलं. मला ते मान्य आहे. पण माझा मुद्दा परिणामांचा नाहीच. पिठाचा कोंबडा कापून यशोधर पुढे खुनी झाला, असं सोमदेव कुठे म्हणत नाहीत. कृती स्वतः काय आहे, हा प्रश्न ती पुढे काय घडवते याहून वेगळा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो बुद्धाच्या बाजूने येतो. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष कायेच्या कर्माला सर्वांत भारी मानतो, तर बुद्ध मनाच्या कर्माला. मग खेळणाऱ्याच्या मनात मारण्याचा हेतूच नसेल, तर नुसत्या हातवाऱ्याला कर्म कशाला म्हणायचं? उत्तर असं की, निव्वळ हातवाऱ्याला मीही म्हणत नाही. माशी हाकलताना केलेली तीच हालचाल निर्दोष आहे. पण ‘मॅनहंट’ खेळणाऱ्याला आपली हालचाल गळा आवळणं म्हणूनच गणली जायला हवी असते, तशी गणली गेली नाही तर त्याचे पैसे वाया जातात. मन तिथे गैरहजर नाही. बुद्धाच्या कसोटीवरही नाही. आणि दशावतारातला नट रोज रात्री राक्षस मारतो त्याचं काय? तिथे मरणाराही नट आहे, त्याची संमती आहे, समोर गाव बसलेलं आहे. एवढं असूनही नाट्यशास्त्राने युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे अंकांमधल्या छोट्या जोडप्रसंगातून, सूचित करायला सांगितलं. संकोच कुठे बाळगायचा याचं भान त्या परंपरेला आपल्यापेक्षा जास्त होतं.

मग शोभणारे खेळ कोणते? हालचाल ज्या नावाने गणली जाते, त्या नावाने ती करायला हरकत नसावी, असे. बोलिंग हे उत्तम उदाहरण: हात चेंडू सोडायला जातो आणि ती हालचाल चेंडू सोडणं म्हणूनच जमा होते. मुष्टियुद्धही बसतं, कारण समोरचाही त्याच नियमाने, त्याच तयारीने उभा आहे. अडचण येते ती कापण्याच्या खेळांची. नवरात्रात बकऱ्याऐवजी कोहळा कापतात, त्याला कुंकू माखतात. यशोधराचा निकष काटेकोर लावला तर तोही सुटत नाही, कारण कोहळा बकरा म्हणून कापला जातो. उलट 2018 मध्ये आलेल्या ‘बीट सेबर’मध्ये हाती तलवारी असूनही कापायचे असतात ते गाण्याच्या ठेक्यावर धावत येणारे ठोकळे, आणि ठोकळा ठोकळाच राहतो. ते कापणं म्हणजे ठेका धरणं झालं. आपल्याकडे कन्सोलचे खेळ घेताना आईबाप खोक्यावरचा वयाचा आकडा बघतात. निर्मात्यांनी त्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापावी: या खेळात तुमच्या हाताला काय काय करावं लागेल. ती छापली जात नाही तोवर पालकांनी दुकानदाराला तेवढं विचारूनच खेळ घ्यावा.