फाडलेले अर्ज

धान निघालं की वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या गावोगाव जायला लागतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत मंडईची जत्रा किंवा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असला की रात्री नाटक ठरलेलंच, आणि पडदा पडेपर्यंत उजाडतं. रात्रभर छळ सोसलेला नायक अखेर खलनायकाची गचांडी धरतो, तेव्हा पेंगुळलेला मंडप खडबडून जागा होतो. त्या टाळ्या मनापासूनच्या असतात. ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही असा माणूस प्रत्येक गावात असतो.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात थॉमस किडने इंग्लंडच्या रंगभूमीवर असाच माणूस उभा केला. ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’तला हिरॉनिमो तर स्वतःच न्यायाधीश. त्याच्या तरण्या मुलाचा खून होतो आणि मुख्य खुनी निघतो राजाचा पुतण्या. राजाकडे दाद मागायला जावं, तर हा पुतण्याच आडवा येतो. इतरांना न्याय देणाऱ्यालाच न्याय मिळत नाही. अशात काही गरीब माणसं आपापले अर्ज घेऊन त्याच्याकडे येतात. त्यांत एक म्हातारा असतो, त्याच्याही मुलाचा खून झालेला. दुःखाने भ्रमिष्ट झालेला हिरॉनिमो ते अर्ज दातांनी फाडून टाकतो.

सूड घेणाऱ्याचं याहून खरं चित्र मला ठाऊक नाही. त्याचं दुःख खरं, त्याची बाजू न्यायाची. पण त्या दुःखापुढे दुसऱ्याचं दुःख त्याला दिसेनासं होतं. शेवटी तो सूड घेतो. मग लेखणी तासायला म्हणून चाकू मागतो आणि त्या खुनाशी काही संबंध नसलेल्या, खुन्याच्या बापालाही भोसकतो. त्याच चाकूने स्वतःलाही संपवतो. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’मधून मराठीत आणलेला हॅम्लेटही बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघतो आणि आधी पडद्याआडच्या भलत्याच माणसाचा जीव घेतो.

इकडे झाडीपट्टीच्या जंगलानेही बंदुकीला बंदुकीचं उत्तर मिळताना पुष्कळ पाहिलं आहे, दोन्हीकडच्या आयांचे हंबरडे ऐकले आहेत. म्हणून सुडाची गोष्ट इथे नुसती करमणूक म्हणून पाहता येत नाही. सूड पेटल्यावर तो विझवणं कुणाच्याच हातात राहत नाही. त्याआधी, माणूस पहिल्यांदा गाऱ्हाणं घेऊन येतो तेव्हा, बरंच काही आपल्या हातात असतं. आज घरी, ग्रामसभेत किंवा कचेरीत कुणी आलं, तर त्याला बसायला सांगूया आणि त्याचं बोलणं मधेच न तोडता पुरतं ऐकून घेऊया.