सामायिक पैसा, एकट्याचे छप्पर

छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्या ग्राहकाला वीज कंपनी सवलत देते, असे आपण सहज बोलून जातो. त्यातले ‘देते’ हे क्रियापद जरा तपासून घ्यावे असे आहे. वीज वाटणारी संस्था महापालिकेची असेल किंवा लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाची असेल, तर तिच्या गल्ल्यात ग्राहकांनी भरलेल्या बिलांखेरीज फारसे काही नसते. मग सवलतीच्या धनादेशावर सही कोणाचीही असो, पैसा शेजाऱ्यांचा असतो. त्यात छप्पर असलेले शेजारी असतात, तसेच भाड्याच्या खोलीत राहणारेही असतात. सूर्याची वीज चांगली की वाईट, हा इथे वादाचा मुद्दा नाही. सगळ्यांचे द्रव्य एकाला देता येते का, आणि दिले तर घेणाऱ्यावर काय बंधन येते, हा प्रश्न आहे. तो दिसायला हिशेबनीसाचा असला, तरी मुळात धर्मविचाराचा आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हा प्रश्न उघड्यावर पाहता येतो. लॉस एंजेलिसमध्ये पाणी आणि वीज पुरवणारे खाते महापालिकेचे आहे. सॅक्रामेंटोच्या वीज संस्थेचे संचालक मतदार निवडतात. १९९६ च्या कायद्याने अशा सार्वजनिक संस्थांना उत्पन्नाचा ठरावीक वाटा, साधारण २.८५ टक्के, चार कामांसाठी बाजूला काढायला लावला: विजेची बचत, अक्षय ऊर्जा, संशोधन आणि गरीब ग्राहकांना मदत. पुढे २००६ मध्ये ‘सिनेट बिल १’ मंजूर झाले. दहा वर्षांत राज्यभर ३,००० मेगावॉट सौर क्षमता उभी करायची होती आणि सार्वजनिक वीज संस्थांच्या वाट्याला ७८ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च आला. सवलत वॅटमागे किमान २.८० डॉलरपासून सुरू करायची आणि दरवर्षी किमान ७ टक्क्यांनी उतरवत न्यायची, असा दंडक होता. पाच किलोवॉटच्या छपराला या दराने १४,००० डॉलर मिळत. काही संस्थांनी त्यासाठी बिलात वेगळा अधिभार लावला, काहींनी १९९६ च्या निधीतूनच भागवले. म्हणजे काही गावांत गरिबाच्या बिलातली सूट आणि बंगल्यावरचे पॅनेल एकाच पेटीतून निघत होते.

याला दान म्हणता येईल का? आपल्या धर्मशास्त्राचे उत्तर स्वच्छ आहे. दान म्हणजे वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडून ते दुसऱ्याकडे जाऊ देणे. तेव्हा जे आपले नाही त्याचे दान होतच नाही. नारदस्मृतीत ‘अदेय’ वस्तूंची, म्हणजे जे देताच येत नाही त्याची यादी आहे. मागून आणलेली वस्तू आणि विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव यांच्या जोडीने तिथे ‘साधारण’ द्रव्यही आहे. साधारण म्हणजे आजच्या अर्थाने मामुली नव्हे. साधारण म्हणजे सामायिक. वीज संस्थेच्या हातातला पैसा साधारणही आहे आणि ठेवही आहे. म्हणून सवलत वाटणाऱ्या संस्थेने दातृत्वाचा आव आणू नये, आणि घेणाऱ्यानेही संस्थेचे आभार मानून मोकळे होऊ नये. त्याने घेतले आहे ते ऋण, आणि धनको आहेत त्याच्याच गल्लीतले लोक.

एवढ्यावरून सवलत मुळातच अन्याय्य ठरते, असे मात्र नाही. सामायिक पैसा सामायिक कामाला लावणे हा अधर्म कसा होईल? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यासाठी दोन नियम सापडतात. नवे तळे किंवा बंधारा बांधणाऱ्याला पाच वर्षे कर माफ, मोडलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे. माफी आहे, पण तिला मुदत आहे. दरवर्षी उतरत जाणारी कॅलिफोर्नियाची सवलत याच जातीची. दुसरा नियम जास्त बोचरा आहे. सगळे मिळून बांध घालत असताना जो अंग काढून घेईल, त्याचे गडी आणि बैल कामाला लावावेत, खर्चाचा वाटा त्याच्याकडून घ्यावा, पण लाभात त्याला हिस्सा देऊ नये. खर्चात आहे आणि लाभात नाही, ही अवस्था कौटिल्याने कामचुकाराला शिक्षा म्हणून नेमली. भाडेकरू वीजग्राहकाच्या वाट्याला तीच अवस्था कोणताही गुन्हा न करता येते. त्याचे छप्पर नाही, एवढाच त्याचा दोष.

यावर पहिला आक्षेप असा, की लाभ छपराच्या मालकाला एकट्याला होतच नाही. हवा सगळ्यांची स्वच्छ होते. शिवाय सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना पैसे दिले म्हणून मागणी वाढली, पॅनेल स्वस्त झाली आणि मागून येणाऱ्यांना सवलतीची गरजच उरली नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही आहे. पण सवलतीमुळे बिल उतरते ते त्या एका घराचे आणि किंमत वाढते तीही त्याच घराची. भाडेकरूला मिळते ती त्यातून उरलेली हवा. दुसरी वाटही होती, हे सॅक्रामेंटोनेच दाखवले. १९९३ पासून तिथल्या वीज संस्थेने ग्राहकांच्या छपरांवर आपल्या मालकीची पॅनेल बसवली. छप्पर देणाऱ्या ग्राहकाने दरमहा थोडे पैसे उलट जास्त भरायचे आणि वीज सगळ्यांच्या तारांत जायची. तरीही लोक आपणहून पुढे आले. पुढे २००८ मध्ये याच संस्थेने ज्यांना छप्पर नाही त्यांच्यासाठी सामायिक सौर प्रकल्पात वाटा घेण्याची सोय केली.

दुसरा आक्षेप आपल्याकडून येईल. एकाच्या पैशावर दुसऱ्याची सोय, याशिवाय सार्वजनिक व्यवहार चालतो कुठे? मुंबईत बेस्टच्या वीजग्राहकांच्या बिलातून काही वर्षे बससेवेची तूट वसूल होत होती. महाराष्ट्रात कारखान्यांच्या वीजदराने शेतीपंपाचा भार उचलला. मग सौर छपरालाच जाब का विचारायचा? कारण प्रवाहाची दिशा. बसच्या तुटीत पैसा वरून खाली वाहतो: वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्याकडून बसच्या रांगेत उभ्या असलेल्याकडे. छपराच्या सवलतीत तो खालून वर चढण्याचा धोका असतो, कारण अमेरिकेत पॅनेल बसवणारी कुटुंबे सरासरीने इतरांपेक्षा सुस्थितीत असल्याचे वारंवार दिसून आले आहे.

मग बिलाऐवजी करातून पैसा घ्यावा का? भारताने तेच केले. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरासाठी पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून अधिकाला एकूण ७८,००० रुपये केंद्राच्या तिजोरीतून मिळतात. गरीब ग्राहकाच्या बिलावर त्याचा भार थेट पडत नाही, हे बरेच झाले. पण पेटी बदलली म्हणून द्रव्य साधारण राहायचे थांबत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, याच योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. मोठा संच किलोवॉटमागे स्वस्त पडतो हे खरे, पण मुंबई-ठाण्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही, सामायिक गच्ची आहे, हेही तितकेच खरे.

तळे बांधून त्याचा ‘उत्सर्ग’ करण्याचा विधी आपल्याकडे होता. खर्च करणारा ते पाणी सर्व प्राणिमात्रांना सोडून देई आणि मग त्यांच्यातलाच एक म्हणून स्वतःही पिई. तिथे पैसा एकाचा होता आणि पाणी सगळ्यांचे झाले. सौर सवलतीत पैसा सगळ्यांचा आहे, तेव्हा प्रकाशावर सगळ्यांचा हक्क त्याहूनही जास्त. ती द्यावी, पण मुदतीची द्यावी. गरिबाच्या मदतीच्या पेटीला हात न लावता द्यावी. आणि पहिला मान बंगल्याच्या छपराआधी सामायिक गच्चीला द्यावा.