पुराव्याचे माप

मोडनिंब हे वाटसरूंचे गाव. पुणे-सोलापूर हमरस्ता येथून जातो, कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही. अशा गावाला परका माणूस नवा नाही. तरीही गावाबाहेर भटक्यांची पाले पडली, की अंगणातली भांडी लवकर आत घेतली जातात. ही सावधगिरी की पूर्वग्रह? मनातला पूर्वग्रह मोजावा तरी कसा?

समाजशास्त्रज्ञांनी तसे यत्न केले आहेत. अमेरिकेतील बोगार्डस यांनी १९२५ साली 'सामाजिक अंतरा'ची एक शिडी रचली. परक्या वंशाचा माणूस तुम्हांस सोयरा म्हणून चालेल काय, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, की तो देशातच नको? (आमच्याकडे ही शिडी पहिल्याच पायरीवर मोडावी, सोयरिकीच्या परीक्षेत सख्खा शेजारीही उत्तीर्ण होत नाही!) पुढे लापिएर नावाच्या संशोधकाने एका चिनी दांपत्यासह अमेरिकाभर प्रवास केला. अडीचशे उपाहारगृहे व वसतिगृहे झाली, नकार केवळ एका ठिकाणी मिळाला. नंतर त्याच मालकांना त्याने पत्राने विचारले, 'चिनी पाहुणे घ्याल काय?' उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' म्हटले. हे निष्कर्ष १९३४ साली प्रसिद्ध झाले. दारात उभे असलेले दांपत्य त्यांनी स्वीकारले होते. कागदावरचा 'चिनी' त्यांना नको होता.

तेव्हा तोंडचे उत्तर हे खरे माप नव्हे. आम्हांस दुसरे एक माप सुचते. एखाद्याविषयी वाईट गोष्ट खरी मानण्यास आपणांस पुरावा किती लागतो, ते पाहावे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी. त्यांतील बहुतेक आमच्याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. तेवढा पुरावा पुरला. ज्यांच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भिक्षा घातली, त्यांचे नाव-गाव ऐकून घेण्यासही कोणी थांबले नाही. आणि राईनपाडा हा आदिवासींच्या मुलुखातला पाडा. स्वतः संशयाचे चटके सोसलेल्यांनाही तो दुसऱ्यावर उगारताना हात आखडत नाही, हे आम्हांस अधिक अस्वस्थ करते.

पुराव्याचे हे माप शून्यावर आणणारा कायदाही या देशात होता. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापुरात अशांसाठी तारांच्या कुंपणाची वसाहत होती, तेथे हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. सोलापुरात त्या वस्तीला आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

याच सोलापुरात तेलुगू भाषक पद्मशाली विणकर परमुलखातून आले. त्यांच्या हातची चादर आज आमची ओळख आहे. भटका मात्र याच मातीतला असूनही परकाच राहिला. त्याला ना घर मिळाले ना माग.

कोणी म्हणेल, पालांतला माणूस कधी चोरी करीतच नाही काय? करीत असेलही, गावातलाही करतो. सावधगिरी सर्वांनाच नाव-गाव विचारते, पूर्वग्रह निवडक माणसांना. गावातल्या मुलावर आळ आला तर आपण म्हणतो, 'चौकशी होऊ द्या.' पालांवर आळ आला तर चौकशीचा शब्दही निघत नाही.

हे मोजणे अवघड नाही. वहीत दोन रकाने करावेत. गावात काही हरवले, तेव्हा प्रथम कोणाचे नाव निघाले, हे एकात. शेवटी काय सिद्ध झाले, हे दुसऱ्यात. पाच वर्षांची नोंद पुरे. पहिला रकाना भरण्यास गावात कोणालाही विचारावे, तो तोंडपाठ असतो. दुसऱ्यासाठी मात्र पोलीस ठाण्याचे दफ्तर काढावे लागेल, आणि पाले तर एव्हाना पुढच्या गावी गेलेली असतील.